खोली, ब्लॉक आणि लिफ्ट

डोंबिवलीत ब्लॉक घेतला, गणपती तिकडे बसू लागला, मुलांची नावं तिकडच्या शाळेत पडली, तरी लालबागच्या चाळीच्या रेशनकार्डावरून नाव काढायचं नाही, हा नियम मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांनी वर्षानुवर्षं पाळला. त्यामागे जुन्या जागेची ओढ होतीच, पण त्याहून जास्त कायदा होता. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे पागडीच्या खोलीतला भाडेकरू वारला, की त्याचा हक्क त्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो. आपण सोबत राहत होतो हे दाखवायला सगळ्यांत हाताशी असलेला कागद म्हणजे रेशनकार्ड. तेव्हा तीन भावांपैकी आईवडिलांजवळ कोण राहणार आणि कल्याणच्या गाडीला कोण लटकणार, हा प्रश्न केवळ मायेचा किंवा पगाराचा नसे. तिथे हा कागदही ठाण मांडून बसलेला असे.

कुटुंबं घर का बदलतात, या एकाच प्रश्नावर पीटर रॉसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातल्या घरांचा अभ्यास करून १९५५ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कुटुंबाचं वय बदलतं म्हणून घर बदलतं. लग्न होतं, मूल होतं, मुलं मोठी होतात, निघून जातात. दर टप्प्यावर आहे ते घर अपुरं पडतं किंवा अंगावर येतं आणि माणसं सामान बांधतात. वाचायला हे सरळ वाटतं. मुंबईत मात्र गरज बदलल्यावर पत्ता बदलायला पंधरा-वीस वर्षं लागतात. मधली वर्षं कोणीतरी आपल्या अंगावर काढतं. ते कोण, हे पाहिलं की घराचे निर्णय खरे कसे होतात ते कळू लागतं.

सुरुवात खोलीपासून करू. गिरणीत लागलेला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस आधी एकटाच येई, गावकीच्या खोलीत पथारी टाकी, खाणावळीत जेवी. बायकामुलं गावी. बिऱ्हाड करायचं ते स्वतःची खोली मिळाल्यावर, आणि ती मिळेच असं नाही. सरकारने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे ढोबळमानाने दहा बाय सोळा. संडास मजल्याला सामाईक. अशा खोलीत नवराबायको राहिली, मग मुलं झाली, मग थोरल्याचं लग्न झालं. गॅलरीत झोपणारे पुरुष आणि आत झोपणाऱ्या बायका ही विभागणी कोणी मुद्दाम ठरवलेली नव्हती, ती जागेनेच लावून दिली होती. नव्या जोडप्याला चार भिंतींचा आडोसा मिळत नाही, एवढ्या एका अडचणीवर १९७० साली 'मुंबईचा जावई' हा अख्खा चित्रपट उभा राहिला आणि दोन वर्षांत बासू चटर्जींनी त्याचा 'पिया का घर' केला. प्रेक्षक हसत होते, पण त्यातले अर्धेअधिक घरी जाऊन तसेच झोपणार होते.

एवढी अडचण असताना माणसं निघत का नव्हती? भाडं. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतल्या जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी होती त्या पातळीला बांधली. पुढे पन्नासहून अधिक वर्षं महागाई वाढत गेली, भाडं जागचं हललं नाही. १९९९चा नवा कायदा आला तेव्हाही वर्षाला चार टक्के वाढीचीच मुभा मिळाली. भाड्यापेक्षा विजेचं बिल मोठं, अशी खोली सोडणार कोण? सोडलीच तर पागडी घेऊन, आणि त्या पैशात मुंबईत दुसरी जागा येत नसे. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला निघणं परवडेना, जिना मात्र दोघांसाठी थांबायला तयार नव्हता. परवडणारं घर सुटत नाही आणि न सुटल्यामुळे बाकीचं आयुष्य त्याच्याभोवती दुमडून घ्यावं लागतं, हा अनुभव दोन-तीन पिढ्यांचा आहे.

तरीही लोक निघाले. कोणाच्या शब्दावर निघाले याची नोंद कुठे सापडत नाही, पण चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या कुठल्याही सत्तरीतल्या बाईंना विचारून पाहा. त्या स्टेशन किती लांब होतं हे सांगणार नाहीत. आधी सांगतील ते घरातल्या घरात असलेल्या संडासाबद्दल. पहाटे चारला येणारं पाणी, मोरीत भरून ठेवायची पिंपं, वयात आलेल्या मुलीला रांगेत बादली घेऊन उभं करायचं, आजारपणात रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं: ही सगळी बाजू घरातल्या बायकांची होती. पुरुषाच्या हिशेबात ऑफिस दहा मिनिटांवर होतं आणि नाक्यावर मित्र होते. निघायचा विषय बाई काढायची, पुढे ढकलायचा पुरुष. धाकट्या दिराचं लग्न ठरलं की मग ढकलायला जागा उरत नसे. लग्नाच्या बाजारातही 'मुलाचा स्वतःचा ब्लॉक आहे' हे वाक्य पगाराच्या आकड्याइतकंच वजनदार होत गेलं.

निघून जायचं कुठे, याचं उत्तर रेल्वेने आधीच देऊन ठेवलं होतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. शंभर वर्षांनी मध्यमवर्ग याच रुळांच्या कडेने सरकत गेला. मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण, मग अंबरनाथ, बदलापूर. पश्चिमेला पार्ले, गोरेगाव, बोरिवली, मग वसई-विरार. एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. माणसं गाव बदलतात, पण लाइन बदलत नाहीत. परळ-लालबागचा माणूस डोंबिवलीला जातो, गिरगावातला जो चर्नी रोडला गाडी पकडायचा तो बोरिवलीला. बहीण मुलुंडला आणि भाऊ मालाडला असला तर राखीपौर्णिमेला दादरचा पूल चढावा लागतो, आणि तेवढ्या पुलाने जाणं-येणं निम्मं होतं. सख्खी माणसं एकाच लाइनवर असावीत याचा विचार घर घेताना कोणी उघड बोलत नाही, पण पसंतीच्या यादीतून निम्मं शहर त्यानेच गळतं. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा दोन लाइनींना आडवा सांधणारा पहिला सोयीचा रूळ मिळाला. नवरा अंधेरीला आणि बायको ठाण्याला नोकरीला असलेल्या जोडप्यांनी घाटकोपर-विक्रोळीकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली ती त्यानंतर.

हे सरकणं किती मोठं होतं, ते जनगणनेत दिसतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली; सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांपुढे गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर त्यातून वेगळा झाला तो नंतर, २०१४ साली. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते, पण त्यांतल्या घरांच्या किमती पाहता चाळ सोडणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की खिडकीतली हवा अडली.

आता पैशांकडे येऊ, कारण मधल्या काळात सगळा क्रम उलटा झाला तो तिथे. घरासाठी कर्ज ही गोष्ट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती १९७७ साली एचडीएफसी स्थापन झाल्यानंतर, आणि खरी रुळली ती नव्वदीनंतर. त्याआधी ब्लॉक घेणारा माणूस चाळिशी-पंचेचाळिशीचा असे. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे, बायकोच्या पाटल्या, गावच्या जमिनीचा वाटा, सोसायटीचं कर्ज असं करत करत तो पैसे उभे करी. तोपर्यंत मुलं किती, आईवडील कोणाकडे, नोकरी कुठे, हे सगळं ठरून गेलेलं असे. गरज पुढे, घर मागे. उशीर होई, हाल होत, पण घेतलेलं घर अंगाला बसे.

आज अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज मिळतं. मिळतं म्हणून घेतलं जातं. घर घेताना नोकरी पहिली किंवा दुसरी, मूल व्हायचं आहे, आईवडील हिंडते-फिरते आहेत. मग ज्या कुटुंबासाठी घर घ्यायचं ते अजून अस्तित्वातच नाही, त्याचा अंदाज बांधून घेतलं जातं. 'पुढे दोन मुलं झाली तर' म्हणून टू बीएचके, आणि टू बीएचके बसते बदलापूरला किंवा पनवेलच्या पुढे. पाच वर्षांनी एकच मूल असतं, नोकरी बीकेसीत असते आणि एक बेडरूम कपडे वाळवायच्या स्टँडसाठी राखून ठेवलेली असते.

हिशेब करून पाहू. पंचाहत्तर लाखांचं घर, त्यातले साठ लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता होतो महिना साधारण बावन्न हजार. मुंबई परिसरात घराच्या किमतीच्या दोन ते तीन टक्के एवढंच वर्षाचं भाडं मिळतं. तीन धरले तरी तेच घर भाड्याने मिळतं महिना अठरा-एकोणीस हजारांत. तेहतीस हजारांचा फरक. हा आकडा समोर ठेवला तरी आपल्याकडे उत्तर एकच येतं: भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. वीस वर्षांच्या हप्त्यात कर्जाच्या रकमेहूनही जास्त व्याज जातं, ते कुठे जातं हे मात्र कोणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं भाड्याने राहणं हा शहाण्यासारखा पर्याय आहे, कारण याच वर्षांत गरजा सर्वांत वेगाने बदलतात आणि भाड्याचं घर तेवढ्याच वेगाने बदलता येतं. पण हे सांगणं सोपं आहे. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी दलालाला महिन्याचं भाडं, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की खाली करायची नोटीस, आणि 'नॉनव्हेज खाता का' पासून आडनावापर्यंत चालणारी चौकशी. यातून एकदा गेलेला माणूस हप्त्याचं ओझं का पत्करतो ते मलाही समजतं. काहींनी मधला मार्ग काढला आहे. घेतलेला लांबचा ब्लॉक भाड्याने द्यायचा आणि स्वतः ऑफिसजवळ भाड्याने राहायचं. घरमालक आणि भाडेकरू एकाच माणसात.

जे स्वतःच्याच घरात राहायला जातात ते प्रवास विकत घेतात. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, फास्ट गाडीनेही दीड तासाच्या आसपास. रिक्षा, जिने, गाडीची वाट धरून दारापासून दारापर्यंत दोन तास. जाऊन-येऊन चार. वर्षाचे दोनशे ऐंशी कामाचे दिवस धरले तर अकराशेहून जास्त तास, म्हणजे रात्र-दिवस मिळून सेहेचाळीस दिवस. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं, की पायी चालणाऱ्यांच्या काळापासून मोटारीच्या काळापर्यंत माणूस दिवसाला सरासरी तासभरच प्रवासात घालवत आला आहे. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. मुंबईने या तासाचे चार केले. आलॉइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवरून दाखवलं, की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. म्हणजे मोठ्या घराने किंवा जास्त पगाराने तो त्रास भरून निघेल ही अपेक्षा फोल ठरते. घर बघताना माणूस हॉल बघतो, किचनची खिडकी बघतो. रोजचे चार तास सॅम्पल फ्लॅटमध्ये दाखवत नाहीत.

त्यात हे चार तास सगळ्यांना सारखे पडत नाहीत. गाड्यांना मिनिटांच्या नावाने हाक मारणारे डोंबिवलीकर घ्या. 'सात चौदा' पकडणारा नवरा साडेसहाला उठला तरी चालतं. तीच गाडी पकडणारी बायको पावणेपाचला उठलेली असते. दोन डबे, मुलाचं दप्तर, पाळणाघराची पिशवी, दुपारी येणाऱ्या बाईंसाठी ओट्यावर काढून ठेवलेली भांडी. संध्याकाळी गाडी वीस मिनिटं रखडली, तर पाळणाघराच्या ताईंना फोन तिचाच जातो. म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत घर निवडण्याच्या गणितात एक नवीन माणूस सर्वांत मोठा झाला आहे: आजी. तीही बहुतेक वेळा आईची आई. ठाण्यात, डोंबिवलीत, पुण्यात कोथरूडला अशी किती तरी जोडपी दाखवता येतील, की ज्यांनी मुलीच्या माहेरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर घेतलं. 'जावई सासरवाडीच्या दारात' म्हणून पूर्वी ज्याची टिंगल झाली असती, ते आज निमूटपणे चालतं. कारण शाळेच्या बसमधून उतरलेलं मूल आजीच्या दारात उतरतं, यावर दोन नोकऱ्या टिकून असतात. कौटुंबिक नात्यांमध्ये झालेला हा बदल मोठा आहे आणि तो कुठल्याही चळवळीने घडवला नाही, पाळणाघराच्या वेळांनी घडवला.

एकदा घर घेतलं की हलणं महाग. मुंबईत ऐंशी लाखांच्या घरावर सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे चार लाख ऐंशी हजार, वर तीस हजार नोंदणी, दलालाची टक्केवारी, फर्निचर पुन्हा. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर २०२१पासून शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे याच घराला ऐंशी हजार वाचतात. बऱ्याच घरांत बाईच्या नावावर पहिल्यांदा मालमत्ता आली ती या ऐंशी हजारांमुळे. कारण काहीही असो, नाव लागलं हे खरं. पैशांखेरीज दुसरा अडसर शाळेचा. 'दहावी होऊ दे, मग बघू' हे वाक्य थोरल्याच्या आठवीत सुरू होतं, धाकटीची दहावी झाली तरी चालूच असतं, आणि मग बारावी येते. सात-आठ वर्षं कोणीही हलत नाही. तोपर्यंत मुलांना स्वतंत्र खोली हवी असण्याचं वय संपत आलेलं असतं.

आणि एके दिवशी घर मोठं होतं. मुलगा बंगळुरूला, मुलगी लग्न होऊन पुण्याकडे वाकडला. डोंबिवली, मुलुंड, पार्ल्यातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती तळमजला अधिक तीन किंवा चार, लिफ्ट नाही. ज्या माणसाने चाळिशीत 'हवा चांगली येते, वर कोणाचे पाय वाजत नाहीत' म्हणून तिसरा मजला हट्टाने घेतला, त्याच्या गुडघ्यांनी पंचाहत्तरीत त्याची शिक्षा भोगली. दूधवाला वर येतो, औषधवाला वर येतो, बँक मोबाइलमध्ये येते. खाली उतरणं आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. मैत्रिणींचा कट्टा तीन जिने खाली भरलेला दिसतो. अशा वेळी मोठा ब्लॉक विकून लिफ्टच्या इमारतीत छोटं घर घ्यावं, हे कागदावर अगदी बरोबर आहे. प्राप्तिकराचे नियमही आड येत नाहीत: राहतं घर विकून झालेला नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर त्यावर सवलत मिळते, आणि दोन कोटींपर्यंतच्या नफ्यातून आयुष्यात एकदा दोन घरंही घेता येतात, ही सोय २०१९च्या अर्थसंकल्पाने दिली. घर न विकता त्यातूनच दरमहा पैसे मिळण्याची रिव्हर्स मॉर्गेजची योजना त्याआधी, २००७ साली आली होती. ती फारशी चाललीच नाही. आईवडिलांनी घर बँकेकडे गहाण टाकलं हे नातेवाइकांना कसं सांगायचं, या एका प्रश्नापाशी ती अडली असावी.

बहुतेकांची लिफ्ट येते ती पुनर्विकासातून. जुलै २०१९च्या शासन निर्णयाने सोसायटीतल्या एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, तेव्हापासून जुन्या वस्त्यांत गल्लीच्या गल्ल्या पत्र्याच्या कुंपणाआड गेल्या आहेत. बीडीडीच्या १६० चौरस फुटांऐवजी ५०० फुटांचं घर मिळणार, ही योजना वरळीत प्रत्यक्षात यायला लागली. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या रहिवाशांना किल्ल्या मिळाल्या. पण सभेत बसून पाहिलं तर मतभेद इमारतीबद्दल नसतो, तो वयाबद्दल असतो. चाळिशीतल्या सभासदाला वाढीव चटई क्षेत्र हवं, पार्किंग हवं. पंचाहत्तरीचे काका विचारतात, 'तीन वर्षं म्हणजे नक्की किती?' ज्यांची जागा मोठी ते बिल्डरला विचारतात, एका मोठ्याऐवजी शेजारशेजारची दोन लहान घरं द्याल का, एक मुलाच्या नावाने आणि एक मुलीच्या. वाटणीचा जो विषय जेवणाच्या टेबलावर कधी निघाला नसता, तो नकाशावर पेन्सिलीने आधी निघतो.

आणि मधली तीन वर्षं? वयस्क मंडळींना भाड्याची जागा त्याच गल्लीत हवी असते, कारण डॉक्टर तिथे, वाणी तिथे, देऊळ तिथे. पण एकाच वेळी चार-पाच इमारती खाली होतात, तेवढी घरं त्या गल्लीत रिकामी नसतात आणि बिल्डरने दिलेल्या भाड्यात ती परवडतही नाहीत. मग 'तात्पुरतं' म्हणून मुलीकडे वाकडला जायचं ठरतं. तिथे नातवंडांची शाळा, लिफ्ट, खाली बाग, सकाळचं हास्यमंडळ असं सगळं जुळत जातं. तीन वर्षांची पाच होतात. नव्या घराची किल्ली हातात येते तेव्हा पूजा होते, जुने शेजारी भेटतात, फोटो निघतात, आणि त्याच आठवड्यात दलालाला फोन जातो, चांगला भाडेकरू असला तर सांगा म्हणून.